अकरावी मदत

मतदानाच्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून ऑपरेटरबाईंनी घरात जाहीर केलं की, या वेळी आपलं मत आपण स्वतः देणार.

यजमानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "म्हणजे? इतकी वर्षं कोण देत होतं?"

"तुम्ही."

हे खरं होतं, आणि कायदेशीरही होतं. ऑपरेटरबाईंची दृष्टी चौथ्या वर्षीच गेली. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहेतीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या. अर्ध्या शहराचे नंबर त्यांना पाठ होते आणि पलीकडचा माणूस खोटं बोलतोय हे त्यांना त्याच्या श्वासावरून कळायचं. पण मतदानाला गेलं की ज्याला दिसत नाही त्याने सोबती न्यायचा आणि सोबत्याने मतदार सांगेल ते बटण दाबायचं, अशी पद्धत. यजमान पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. बारीक आकडे वाचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांच्याइतका लायक सोबती शोधून सापडला नसता. सहा निवडणुका बाईंनी त्यांच्या कानात आकडा सांगितला आणि त्यांनी बटण दाबलं.

सहाव्या वेळी मात्र बाईंचा हात सहज त्यांच्या कोपरावर होता. बाईंनी सांगितलं होतं तीन, आणि कोपर गेलं पार सातपर्यंत खाली.

त्यावर बाई पाच वर्षं एक अक्षर बोलल्या नाहीत. ऐकलेलं पोटात ठेवायची एक्स्चेंजमधली सवय. पण मनातून त्या फार दुखावल्या होत्या, आणि या खेपेला काय वाट्टेल ते झालं तरी बटणावर बोट आपलंच असेल, हे त्यांनी पक्कं ठरवून टाकलं होतं.

"अगं, पण तुला मदत लागेल ना?" यजमान म्हणाले.

"नाही लागणार. माझी छत्री द्या." बाई काठीऐवजी लांब दांड्याची छत्री वापरायच्या. काठी नुसती वाट दाखवते, छत्री माणसांना बाजूलाही सारते, असं त्यांचं मत होतं.

मतदान केंद्र जवळच्याच शाळेत होतं. यंदा त्याला 'सुगम मतदान केंद्र' असा दर्जा मिळाला होता. वरून आलेल्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं की, अशा प्रत्येक केंद्राने दिव्यांग मतदारांना किमान अकरा मदती पुरवाव्यात आणि प्रत्येक मदतीची छायाचित्रासह नोंद ठेवावी. केंद्राध्यक्ष एरवी गणिताचे शिक्षक. त्यांनी यादी तीनदा चाळली. आठशे त्रेसष्ट नावांत दिव्यांग मतदार एकच निघाला. अकरा भागिले एक बरोबर अकरा. गणितात कुठेही खोट नव्हती.

बाई फाटकाशी पोचल्या तेव्हा त्यांची तिथे सकाळी सातपासून वाट पाहणं चालू होतं.

"नमस्काऽऽर बाई! मी तुमची मदतनीऽऽस!" हिरवा पट्टा घातलेली एक बाई पुढे धावली. ती मूळची विमा कार्यालयातली. या कामासाठी तिला दोन दिवसांचं सहानुभूतीचं प्रशिक्षण मिळालं होतं.

"मला दिसत नाही हो. ऐकू येतं," बाई म्हणाल्या.

"होऽऽ? फारच छाऽऽन!"

बाई नेहमीच्या तीन पायऱ्या चढायला लागल्या, तशी मदतनीसबाई आडवी आली. "पायऱ्या नको! तुमच्यासाठी उतार बांधलाय."

"मला चढता येतं."

"तुम्हाला येतं हो, पण उतार वापरला गेला पाहिजे ना! सतरा दिवस काम चाललं होतं."

उतार इमारतीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपलीकडे सुरू होऊन वळसा घालत पुढच्या दाराशी येत होता. कालच रंगवल्यामुळे तो अजून ओला होता आणि त्यावरून पाय घसरत असल्याने चाकाची खुर्ची लागणार होती. बाईंना खुर्चीत बसवण्यात आलं. ही मदत क्रमांक एक. खुर्ची ढकलली, ती दोन. फोटो काढताना छत्री चालेना, कारण परिपत्रकात पांढरी काठी असा उल्लेख होता. तेव्हा पांढरी काठी हातात देण्यात आली, ती तीन. छत्री मागोमाग आलेल्या यजमानांकडे सोपवण्यात आली, ती चार. उताराच्या वरच्या टोकाला दाराचा उंबरा लागला. तो खुर्चीला ओलांडता येईना, म्हणून बाईंना उठून उभं राहण्यास मदत करण्यात आली. ही पाच. तिथून पायऱ्यांचं वरचं टोक चार हातांवर होतं.

"अंगठा वर करा आणि हसा," मदतनीसबाई म्हणाली.

"कुणाकडे बघून?" बाईंनी विचारलं. ही शंका प्रशिक्षणात कोणी काढली नव्हती.

पाणी पाजणं, घाम पुसणं, हवामानाची माहिती देणं, भिंतीवरचे फलक मोठ्याने वाचून दाखवणं आणि 'तुम्हाला कसं वाटतंय' असं विचारणं, असं करत करत वर्गात पोचेपर्यंत दहा मदती झाल्या. केंद्राध्यक्षांचा चेहरा खुलला. अकरावी मदत नियमानुसार मतदान कक्षातच व्हायची होती.

"चला, सोबत्याने या घोषणापत्रावर सही करावी," ते म्हणाले. यजमान खिशातून पेन काढून तयारच होते.

"सोबती नाही," बाई म्हणाल्या. "मी एकटी जाणार आहे. उमेदवारांची ब्रेलमधली यादी असते ना, ती द्या. एकदा खात्री करून घेते."

केंद्राध्यक्षांना आनंदाचं भरतं आलं. तीन निवडणुकांत ती यादी कोणी मागितली नव्हती. त्यांनी स्वतः जाऊन ती भिंतीवरून उतरवली आणि दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे धरली. बाईंनी बोटं फिरवली. वरून खाली फिरवली, खालून वर फिरवली.

"ही काच आहे."

"हो, फ्रेम करून घेतली. लोक हात लावतात हो, ठिपके झिजतात."

"बरं, राहू द्या. नावं मला रेडिओवर ऐकून पाठ आहेत. पाच नंबर कुणाचा, सात नंबर कुणाचा, सगळं ठाऊक आहे." सात म्हणताना त्यांचं तोंड किंचित यजमानांच्या दिशेला वळलं. यजमान पेनाचं टोपण लावण्यात गढून गेले होते.

"एकटीने जायचं तर हरकत नाही," केंद्राध्यक्ष म्हणाले. "फक्त त्यासाठी विनासहाय्य मतदानाचं संमतिपत्र लागतं. ते मतदाराने स्वतः वाचून, समजून घेऊन त्यावर सही करायची असते."

"द्या."

त्यांनी कागद दिला. कागद छापील होता.

"कुणीतरी वाचून दाखवा," बाई म्हणाल्या.

"वाचून दाखवलं तर ते सहाय्य झालं. मग विनासहाय्य कसं म्हणता येईल?"

"मग मी वाचू कशी?"

"तेच तर. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे तुम्हाला सहाय्याची गरज आहे, हे इथेच सिद्ध होतं. आणि गरज असलेल्याला आम्ही विनासहाय्य सोडू शकत नाही. शेवटी आमच्याही मनाला काही वाटतं."

"अगं, जाऊ दे ना," यजमान हळूच म्हणाले. "मी येतो आत. पाच तर पाच."

मागे रांग वाढत चालली होती. खाकरणं, पाय बदलणं, घड्याळाला चावी दिल्यासारखी कुणाची तरी टकटक, सगळं बाईंना ऐकू येत होतं. त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली. हे सगळे इतके चांगले आहेत, इतक्या तळमळीने मदत करताहेत, की आपलं मत आज नक्की हातचं जाणार, असं त्यांना वाटून गेलं. तेवढ्यात सुगमता निरीक्षक येऊन पोचले.

निरीक्षकांच्या बुटांचा आवाज ऐकूनच बाईंनी ओळखलं की, या माणसाला अजून सहा केंद्रं करायची आहेत.

"किती झाल्या?" निरीक्षकांनी विचारलं.

"दहा, साहेब."

"अकरावी?"

"मतदार घेत नाही, साहेब."

"घेत नाही? असं कसं? अहो बाई, तुमच्या एकट्यावर या केंद्राचं रेटिंग अवलंबून आहे!"

बाईंनी क्षणभर विचार केला. मग एक्स्चेंजमध्ये मोठ्या साहेबांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "घेते ना. मला एका मदतीची फार गरज आहे. मागायला संकोच वाटत होता."

"बोला, बोला!"

"तुम्ही सगळे बाजूला व्हा. हीच माझी अकरावी मदत."

निरीक्षकांनी चष्मा वर केला. "ही मदत धरता येते का?"

"मी मागतेय, तुम्ही देताय. आणखी काय असतं मदतीत?"

केंद्राध्यक्षांच्या गणिती डोक्यात उजेड पडला. "धरता येते, साहेब! आणि ही मदत आपण सगळे मिळून देतोय, म्हणजे मतदान सहाय्यासह झालं. म्हणजे विनासहाय्याचं संमतिपत्र लागतच नाही. आणि आत कोणी जात नाही, म्हणजे सोबत्याचं घोषणापत्रही लागत नाही!"

"किती बाजूला व्हायचं?" निरीक्षकांनी विचारलं. त्यांना कामात मोघमपणा खपत नसे.

"सहा पावलं," बाई म्हणाल्या.

टेप आणून अंतर मोजलं गेलं. खडूने रेघ आखण्यात आली. केंद्राध्यक्ष, मदतनीसबाई आणि यजमान रेघेपलीकडे उभे राहिले. 'मी आज अन्य कोणत्याही मतदारासाठी बाजूला झालेलो नाही' अशा निवेदनावर तिघांनी सह्या केल्या. फोटो निघाला. त्यात तिघांचेही अंगठे वर होते.

बाई आत गेल्या. पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र होतं. बटणांच्या बाजूला बोटं फिरवली, तर ठिपके लागेनात. गुळगुळीत काहीतरी लागलं. त्यांनी नखाने कोपरा उचकटून ते चरचर सोलून काढलं. तो एक चकचकीत स्टिकर होता. त्यावर मोठ्या सुंदर अक्षरांत लिहिलं होतं, 'येथे ब्रेल सुविधा उपलब्ध आहे.' ते अर्थातच बाईंना वाचता आलं नाही, पण खालचे ठिपके वाचता आले. एक, दोन, तीन, चार, पाच. त्यांनी पाचवर बोट ठेवलं. जरा वेळ तसंच ठेवलं, कारण ते बोट त्यांचं होतं आणि घाई कुणाचीही असो, त्यांची नव्हती. मग दाबलं. यंत्र लांबलचक वाजलं. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून दिल्यावर हा पहिला स्वतःचा लागला, असं बाईंना वाटलं, आणि त्या एकट्याच हसल्या.

या केंद्राला पुढे उत्कृष्टतेचं प्रमाणपत्र मिळालं. 'बाजूला होणे' ही अभिनव मदत म्हणून सर्वत्र लागू झाली. पुढच्या निवडणुकीपासून प्रत्येक केंद्रावर चार प्रशिक्षित बाजूकार नेमले जाणार आहेत. ते मतदाराबरोबर थेट आतपर्यंत जातील आणि तिथे बाजूला होतील.

यजमानांचं मत देऊन झाल्यावर दोघं घराकडे निघाली. छत्री पुन्हा बाईंच्या हातात होती. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाला दिलंत?"

"गुप्त असतं ते."

"माझं होतं का गुप्त?"

यजमान वरमले. "सातला," ते म्हणाले. "आणि तुझंही मागच्या वेळी... म्हणजे, नेहमीच... मी आपला दादा सांगेल तोच आकडा दाबायचो. तो थोरला. त्याचा शब्द कसा मोडायचा?"

"माझा मोडलात की." बाई हे बोलल्या, पण त्यांचा राग सकाळी होता तेवढा उरला नव्हता. "मग तुमच्या दादांना कोण सांगतं?"

"त्याचा सलूनवाला. त्याला सगळी आतली माहिती असते."

"आणि सलूनवाल्याला?"

यजमान विचारात पडले. ते स्वतः त्या सलूनमध्ये जाऊन बसलेले होते. "त्याला... तसं कोणी नाही सांगत. वस्तरा हातात असला तरी माणूस गरीब आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसून जे बोलेल त्याला तो हो म्हणतो, आणि तेच दिवसभर सगळ्यांना सांगतो."

"कुठलं गिऱ्हाईक?"

"सकाळी पहिलं जे येईल ते."

"पहिलं कोण येतं?"

यजमान चालता चालता थांबले. "दादा," ते म्हणाले.

बाईंना इतकं हसू आलं की त्यांना छत्रीवर रेलून उभं राहावं लागलं. "म्हणजे दादा सलूनवाल्याला सांगतात, सलूनवाला दादांना सांगतो, दादा तुम्हाला सांगतात आणि तुम्ही बटण दाबता. आणि मदतीची गरज मला!" त्यांनी डोळे पुसले. "अहो, आपल्या घरात आज पहिल्यांदा कोणीतरी मत दिलं."

संध्याकाळी केंद्राध्यक्षांनी अहवाल पाठवला. सहाय्यासह मतदान केलेले मतदार, एक. कोणाच्याही मदतीशिवाय मतदान केलेले, सहाशे दहा. या सहाशे दहांमध्ये यजमान आहेत, दादा आहेत, दादांचा सलूनवाला आहे. आपल्या केंद्रावरच्या अशाच आकड्यात वाचकहो, आपणही आहात. मतदानाच्या आदल्या दिवशी 'या वेळी कुणाला द्यायचं म्हणतात?' असं आपण ज्याला विचारलं होतं, त्याने घोषणापत्र भरलं नसेल तर काळजी नसावी. डोळसांच्या सोबत्यांसाठी ते अजून छापलेलं नाही.