आबांचा कोरा

किसनआबांनी पहिल्याच भेटीत मला ‘बदामी’ ठरवून टाकलं. आम्ही कुसगावच्या या इमारतीत बिऱ्हाड घेऊन आलो तो दिवस. कपाट जिन्यात अडकलेलं, हमाल एकमेकांवर करवादत होते, आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरलेले एक काटक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होते. “बदामी हाय मानूस,” ते हमालांना म्हणाले. “सांभाळून न्या त्याचं कपाट.” मला वाटलं, माझ्या कातडीबद्दल बोलताहेत. माझा रंग बदामी असता तर माझं लग्न जमवताना वडिलांना एवढ्या चपला झिजवाव्या लागल्या नसत्या.

खुलासा नंतर झाला. आबांची अख्खी नोकरी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा करण्यात गेली होती. त्यामुळे जगातली यच्चयावत माणसं त्यांना कपातच दिसत. दूध जास्त झालेला तो पांढरा. गोड बोलणार, कामाला येणार नाही. बदामी म्हणजे घरात ठेवायला हरकत नसलेला. कोरा म्हणजे कडू पण खरा, जसे त्यांचे मेहुणे. आणि सगळ्यात शेवटी फुळकवणी. ज्यात ना पत्ती, ना दूध, ना लाज. आमचा बिल्डर फुळकवणी होता. त्याने लिफ्टचं कबूल करून लिफ्टपुरती पोकळी बांधून दिली आणि तो अंतर्धान पावला. त्या पोकळीत आता सायकली, एक फुटका माठ आणि सबंध पावसाळाभर सगळ्यांच्या छत्र्या राहतात.

आबांचं दुसरं पालुपद म्हणजे “उकळू द्या.” वीज गेली, उकळू द्या. गॅसचा सिलिंडर आला नाही, उकळू द्या. माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा त्यांना लिफ्टबद्दल विचारलं. आबांनी त्या पोकळीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “ह्याच्याखाली अजून जाळच लावल्याला न्हाई, बाई.”

त्यांच्या घरात त्यांच्या पत्नी, हौसामावशी. दोघं मूळचे आंदर मावळातले, आबांच्या निवृत्तीनंतर इथे आलेले. मावशी गेल्या दिवाळीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शेजारपाजारच्या चौघांनी खुर्चीवरून त्यांना तिसऱ्या मजल्यावर चढवलं, त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत. घरात वॉकर धरून चालायच्या, पण जिना म्हटलं की संपलं. दिवसभर गॅलरीत बसायच्या. इमारतीमागे एकच भाताचं खाचर बंगल्यांच्या तावडीतून वाचलंय. तिथं बाया आवणीला उतरल्या, रोपं लावायला लागल्या, की मावशी वरून सूचना द्यायच्या. “लय दाट लावतीस गं. जरा त्येला हातपाय पसरू दे.” बाया वर बघून हसायच्या आणि पातळ लावायच्या.

आता आबांच्या व्यायामाकडे येतो. मुळात आबांना व्यायामाचं वावडं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी रंगीत बूट घालून आमच्या रस्त्यानं पळत जातात, त्यांच्याकडे बघून आबा हळहळत. “घरी कुनी कामाला लावत न्हाई वाटतं बिचाऱ्यांना.” तेच आबा आषाढातल्या एका सकाळी मला जिन्यात भेटले, ते पाठीवर तांदळाचं पोतं घेऊन. पोतं एका विटक्या हिरव्या नऊवारीनं छातीशी घट्ट बांधलेलं. एकेक पायरी चाचपत ते खाली उतरत होते. मला वाटलं, तांदूळ दळायला चाललेत. थोड्या वेळानं तेच पोतं घेऊन वर निघाले.

“आबा, हे काय?”

“तब्येत कमावतोय, गुरुजी.”

“या वयात?”

“ह्या वयातच लागती. तरुनपनी आपली आपन असती.”

मग ते रोजचंच झालं. सकाळ-संध्याकाळ जिन्यात धप्प, धप्प. घोटभर पाणी प्या म्हटलं तर म्हणायचे, “नगं, वजनात भर पडती.” तळमजल्यावरच्या लोकांनी त्यांना एव्हरेस्टला पाठवायचं ठरवलं. मीही, खोटं कशाला बोलू, त्या थट्टेत हिरिरीनं भाग घेतला.

आणि मग एका सकाळी आबा आमच्या दारात उभे. बसा म्हटलं तर बसेनात. मांड्या ताठल्या होत्या, एका हातानं चौकट धरलेली. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “गुरुजी, कोरा झालाय.”

सुनंदा बाई अगत्यशील. तिनं आतून एवढंच ऐकलं आणि आधण ठेवलं. मी “म्हणजे काय आबा?” विचारीपर्यंत ती कप-बशी घेऊन हजर. बिनदुधाचा, काळसर तांबडा, वाफाळता. आबांनी कप घेतला, त्यात बराच वेळ पाहिलं आणि माझ्यापुढे धरला.

“ह्योच. अगदी ह्योच रंग.”

“कशाचा?” सुनंदानं विचारलं.

आबा सभ्य गृहस्थ. बाईमाणसापुढे असलं बोलायचं नाही. त्यांनी माझ्याकडे बघून भुवईनं खाली खूण केली. सुनंदाला उलगडा झाला, ती तडक आत गेली. आमच्या घरात त्यानंतर आजतागायत कोरा चहा झालेला नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काल सांच्यापासनं. उन्हाळी लागली असंल. धने-जिऱ्याचं पानी घेतो.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोरची इमारत धुक्यात नाहीशी झाली होती. आमचे कपडे कित्येक दिवस ओलेच होते. “आबा, या हवेत उन्हाळी?”

“आंगातली हाय ती. तिला म्हैना कळत न्हाई.”

“डॉक्टरकडे जाऊ.”

“उकळू द्या. आन् हिच्या कानावर घालू नका. ती इचारती रोज, दुखत न्हाई ना कुटं. मी बदामी सांगतो.”

आता मात्र मला भीती वाटली. थट्टेतला आबा निराळा आणि चौकट धरून उभा राहिलेला हा म्हातारा निराळा. म्हटलं, “आबा, उकळायचं ते उकळलंय. आता पातेलं करपेल.” हे त्यांना पटलं. माझ्या बी.एड.च्या सगळ्या शिक्षणात एवढं लागू पडलेलं वाक्य मला दुसरं आठवत नाही.

लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण धीराच्या. त्यांनी विचारलं, “रंग कसा आहे, आजोबा?”

“कोरा. साखरंचं तुमी तपासा.”

त्या हसल्या, पण तपासणीचे कागद आल्यावर हसल्या नाहीत. त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. सवय नसताना स्नायूंवर फार ताण दिला की ते आतून तुटतात, त्यातला गाळ रक्तात उतरतो आणि लघवीचा रंग असा गडद होतो. मूत्रपिंडं त्या गाळानं बंद पडू शकतात. उन्हाळी समजून घरी बसला असता तर अवघड होतं. आता ॲडमिट व्हायचं, सलाईन लावायचं.

“पण व्यायाम करत होता तरी कसला?”

“पोतं घेऊन जिना उतरायचा,” आबा म्हणाले.

“उतरताना तर जास्तच ताण येतो. मग वजन तरी कमी करायचं थोडं.”

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. “कमी कसं करू, ताई? ती काय कमी व्हनार हाय व्हय?”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ती विटकी हिरवी नऊवारी आठवत होतो.

त्या संध्याकाळी सलाईन लावलेल्या हाताकडे बघत आबा सगळं बोलले. मावशींना वर चढवलं त्या दिवशी त्या हसत हसत म्हणाल्या होत्या, “चौघांनी वर आनली. आता खाली पन चौघंच नेतील.” खोलीतले सगळे हसले होते. मीही असणार, मी त्या खुर्चीचा एक पाय धरला होता.

“समदी हसली, गुरुजी. तवाच म्हनलं, चौघं न्हाई. माज्या पाठीवरनं उतरंल. मातीत पाय टेकवंल आन् जिती वर यील.”

मी त्यांच्या पांघरुणाचं टोक उगाच सारखं करत बसलो. आपल्या शेजारच्या माणसाच्या मनात काय चाललंय हे जिन्यात रोज भेटूनही कळत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर मावशींना सांगायला मी तिसरा मजला चढलो. त्यांना माझं तोंड बघूनच समजलं. “पोतं माज्या लुगड्यात बांधलं तवाच वळखलं मी,” त्या म्हणाल्या. “वर बसून पावलं ऐकायची. मला बरं वाटायचं, गुरुजी. म्हनून गप ऱ्हायली. तितंच चुकलं माजं.” मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सुनंदाला हाक मारून ते पोतं सोडायला लावलं. इमारतीतल्या प्रत्येक घरी त्या इंद्रायणी तांदळाचा वाटा गेला. त्या आठवड्यात आम्ही सगळे मावशींचं वजन आमटीबरोबर जेवत होतो.

दवाखान्यातून आबांचा अहवाल रोज सकाळी फोनवर यायचा. आज जरा उतरलाय. आज तांबूस. आज बदामीच्या आसपास. एके दिवशी आवाज पडलेला. “गुरुजी, फुळकवणी झाली.”

“आणि डॉक्टर काय म्हणाल्या?”

“तीच पायजे म्हनत्यात. जल्मभर जिला नावं ठेवली, तिलाच आता चांगली म्हनायची.”

आबा घरी आले. तीन मजले चढताना प्रत्येक वळणावर बसले. उचलायचं काही नाही, पाण्याची कळशीसुद्धा नाही, असा हुकूम होता. महिन्याभरात चालणं सुधारलं, पण पोकळीकडे बघितल्यावर पूर्वीसारखा विनोद सुचेना. मागच्या खाचरात भात पोटरीला यायला, पोटात कणीस धरायला लागलं होतं. मावशी गॅलरीतून बघत होत्या आणि आबा मावशींकडे.

शेवटी एका रविवारी मी तळमजल्यावरच्या लोकांना, म्हणजे आमच्या एव्हरेस्ट मंडळाला, गोळा केलं. हात असलेली भक्कम खुर्ची आणली, मावशींना बसवलं, कमरेला तीच हिरवी नऊवारी बांधली. पुढे दोघे, मागे दोघे. उचलणार तेवढ्यात आबा दार अडवून उभे राहिले.

“चौघं न्हाई.”

आम्ही थबकलो. दोघांनी पेलणार नव्हती, तिघांनी खुर्ची कलंडली असती. डॉक्टरीणबाईंचा हुकूम सगळ्यांना पाठ होता. मावशी खुर्चीतून आबांकडे बघत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला.

“तुमी माजा हात धरा. उचलू नका. नुसता धरा. झाली पाच.”

आबांनी मोजलं. खरोखर बोटानं मोजलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून पाच म्हणाले, आणि बाजूला सरले.

तीन मजले उतरताना आम्ही घामाघूम झालो. आबा शेजारून चालत होते, अंग भिंतीला घासत, हातात हात. वजन आमच्याकडे होतं, पण धापा तेच टाकत होते. मागच्या दारानं बाहेर आलो आणि खुर्ची खाचराच्या बांधावर टेकवली. मावशींनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय ओल्या मातीत ठेवले. बोटं मातीत रुतवली. मग वाकून जवळच्या भाताची पात हातातून सरकवली, जशी एखाद्या नातीच्या केसांतून बोटं फिरवावीत.

आबा त्यांच्या पायांकडे बघत उभे होते. हात अजून सोडला नव्हता. थोड्या वेळानं आभाळ भरून आलं, भुरभुर सुरू झाली. आमच्यातला एकजण म्हणाला, मावशी, भिजाल, चला आता वर.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“उकळू द्या की जरा,” त्या म्हणाल्या.

मी पोकळीतून छत्र्या आणायला गेलो.