एका खोलीचे सात उमेदवार

"यंदा तळ्याकाठी खोली मिळाली नाही, तर मी ऑफिसातल्या बायकांबरोबर जाते. तुम्ही घर सांभाळा," चहाचा कप पुढे ठेवत बायको म्हणाली. ती हे शांतपणे म्हणाली, म्हणूनच चष्म्यांचं दुकान चालवणारे तिचे यजमान, चष्मेवाले, चहा तसाच ठेवून मोबाईल शोधू लागले. ती तावातावाने बोलली की संध्याकाळपर्यंत सगळं विसरते. शांतपणे बोलली की समजायचं, बॅग भरून झालेली आहे.

याला कारण एक टायवाला तरुण. काही वर्षांपूर्वी त्याने नवराबायकोला फुकट जेवू घातलं आणि गोड पदार्थाचा दुसरा चमचा तोंडात असतानाच सही घेतली. योजना सोपी होती. दरवर्षी खात्यात पॉइंट जमा होणार, ते मोडून देशोदेशीच्या सुट्टीगृहांत राहायचं. "आयुष्यभराची सुट्टी, सर!" तो म्हणाला होता. त्याच दिवसांत बाकीच्यांनाही सुट्टी असते, हे तेवढं त्याच्या बोलण्यात आलं नाही. तेव्हापासून पॉइंट दरवर्षी येत आणि खोल्या दरवर्षी जात. एकदाच जागा मिळाली, तीही अशा गावी की तिथल्या मॅनेजरनेच काळजीने विचारलं, "इकडे कसं काय येणं केलंत?"

त्यामुळे या वर्षी चष्मेवाल्यांनी व्यूहरचना केली. खात्याचा पासवर्ड बायकोला दिला, कॉलेजात असलेल्या मुलीला दिला. बुकिंग उघडताच तिघांनी तीन बाजूंनी तुटून पडायचं. ज्याला खोली मिळेल त्याने चष्मेवाल्यांना फोन करायचा, आणि त्यांनी हो म्हटलं की शेवटचं बटण दाबायचं. घरातले मोठे निर्णय आपल्याला विचारून व्हावेत, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. ती या निमित्ताने पुरी करून घेतली.

दुकान उघडलं. खुर्चीत एक निवृत्त मास्तर डोळे तपासायला बसले होते. त्यांच्या नाकावर ती तपासणीची लोखंडी फ्रेम चढवून, एक डोळा झाकून, "वाचा खालची ओळ," असं म्हणत चष्मेवाल्यांनी स्वतः मात्र मोबाईल वाचायला घेतला. तळ्याकाठची खोली. शिल्लक: एक. त्याखाली लाल अक्षरांत: सध्या ३ जण ही खोली बघत आहेत.

"आलेच मेले!" चष्मेवाले ओरडले.

"मी बरोबर वाचलं ना?" मास्तरांनी दचकून विचारलं.

चष्मेवाल्यांनी बटण दाबलं. उत्तर आलं, 'ही खोली दुसऱ्या व्यक्तीने तात्पुरती धरून ठेवली आहे.' त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. लगेच मेहुण्याला फोन लावला. "अरे, तिघं चोर खोलीवर टपलेत. पासवर्ड पाठवतो, तू पण घूस."

"घुसलो, भाऊजी!" मेहुणा म्हणाला. आकडा चार झाला.

"बघ, अजून एक आला!" चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारला. मग काउंटरवरच्या ताईंना पासवर्ड दिला. आकडा पाच. शेजारच्या टेलरला हाक मारली. तो गळ्यात टेप घेऊन, तोंडात टाचण्या धरून आला. आकडा सहा. जसजशी कुमक वाढली, तसतसे शत्रू वाढत गेले. खोलीचे पॉइंटही वर चढू लागले, कारण खाली लिहिलंच होतं, 'मागणीनुसार दर बदलतील.'

"मलाही द्या पासवर्ड," मास्तर फ्रेमसकट उठून म्हणाले. "मी शाळेत असताना एकट्याने परीक्षेच्या हॉलवर नजर ठेवलेली आहे." त्यांनी उघड्या डोळ्याजवळ आपला मोबाईल धरला. आकडा सात.

आता चष्मेवाल्यांनी कंपनीलाच फोन लावला, दुकानातल्या जुन्या टेलिफोनवरून. सनईचा एक अख्खा राग ऐकवून झाल्यावर एका मुलीचा आवाज आला.

"नमस्कार सर, मी तुमची काय मदत करू?"

"आधी त्या सात जणांना हाकला!"

"कुठल्या, सर?"

"तळ्याकाठच्या खोलीवर बसलेत ते. आळीपाळीने धरून ठेवताहेत. एक सोडतो, दुसरा धरतो. टोळी आहे टोळी!"

तिकडे की-बोर्डाची टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, "सर, हे सातही जण तुमच्याच खात्यातून आत आलेत."

चष्मेवाल्यांनी रिसीव्हर काउंटरवर आडवा ठेवला आणि दुकानाकडे नजर टाकली. ताईंनी मोबाईल पाठीमागे लपवला. टेलरने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मघाशी मला मिळाली होती खोली," तो म्हणाला. "पण तुम्हाला विचारल्याशिवाय कसं दाबणार? तुम्ही फोनवर ओरडत होता."

"मलाही मिळाली होती," ताई म्हणाल्या.

मोबाईल वाजला. बायको. "अहो, खोली मी धरली होती, पण सुटली. पडद्यांचे फोटो बघत होते जरा. तुमचा फोन सारखा एंगेज! कुणाशी बोलत होता एवढं?"

"तुझ्या भावाशी! अगं, आपणच आपल्याला आडवे जातोय! सगळे बाहेर पडा! मुलीला कळव, भावाला कळव!"

एकेक जण बाहेर पडला. आकडा खाली आला, पॉइंटही खाली आले. शेवटी पाटी राहिली: सध्या १ जण ही खोली बघत आहे. तो एक म्हणजे ते स्वतः. खोली मोकळी, दर अगदी माफक, पुढच्या सुट्टीलाही पॉइंट उरतील इतका. चष्मेवाल्यांनी बोट पुढे केलं आणि बोट तिथेच थांबलं.

"घेतली का?" बायकोने विचारलं.

"घेतो. पण अगं, आता कुणीच बघत नाहीये."

"मग बरंच की."

"बरंच. पण का बघत नसतील?"

"तळं म्हटलं की डास आले," टेलर हळूच म्हणाला.

"ओल असेल," ताई म्हणाल्या. "फोटोत भिंती दाखवतच नाहीत."

"साचलेलं पाणी," मास्तरांनी एवढंच म्हणून सुस्कारा सोडला.

"आणि त्या पडद्यांचा रंग मला मघाशीच खटकला होता," बायकोचा आवाज पडला. "इतकी वर्षं ज्या खोलीसाठी जीव टाकला, ती अशी बेवारशी पडलीये? ऑफिसात काय सांगू, सहज मिळाली म्हणून? कुणाला नको होती म्हणून?"

"मग सोडून देऊ?"

"सोडू नका. एक करा. सगळ्यांना जरा परत बघायला लावा."

"कशाला?"

"नुसतं. बरं वाटेल."

चष्मेवाल्यांनाही तेच वाटत होतं, फक्त म्हणायचा धीर होत नव्हता. "चला, सगळे परत आत!" त्यांनी हुकूम सोडला. "फक्त बघायचं. बटणाला हात लावायचा नाही!" बायकोने मुलीला आणि भावाला त्याच कॉलवर जोडून घेतलं. मुलगी म्हणाली, "बाबा, माझं लेक्चर चालू आहे," पण आली. मेहुणा तर उत्साहाने आला. आकडा चढत चढत सातावर पोहोचला, पॉइंटही टुणटुण उड्या मारत वर गेले, आणि खोली पुन्हा कशी भरल्या घरासारखी दिसू लागली. भिंती सुकल्या. डास गेले.

"पडदे तसे छानच आहेत," बायको म्हणाली.

एवढ्यात आकडा आठ झाला.

"आठवा कोण?" चष्मेवाल्यांनी दुकानभर नजर फिरवली. ताईंनी हात वर केले. टेलर म्हणाला, "देवाशपथ, माझा एकच मोबाईल." मास्तरांनी तर झाकलेला डोळाही उघडला. मुलगी नाही म्हणाली, मेहुणा नाही म्हणाला.

"अहो, खरा आलाय कुणीतरी!" बायको किंचाळली. "दाबा! आधी दाबा!"

चष्मेवाल्यांनी डोळे मिटून दाबलं. होते नव्हते तेवढे पॉइंट एका झटक्यात गेले आणि मोबाईलवर हिरवी खूण आली. आनंदाला नुसतं उधाण आलं. टेलरने मास्तरांना मिठी मारली आणि टेप दोघांभोवती गुंडाळला गेला. ताई टाळ्या पिटत होत्या. फोनवर बायको कधी हसत होती, कधी "कोण असेल हो मेला, कसा हात चोळत बसला असेल!" म्हणत होती.

या गलक्यात काउंटरवर आडव्या पडलेल्या रिसीव्हरमधून बारीकसा आवाज आला, "अरेरे!"

चष्मेवाल्यांनी तो कानाला लावला. "कोण? मॅडम, तुम्ही अजून आहात? झालं बुकिंग!"

"हो, दिसलं सर. अभिनंदन."

"मग अरेरे का म्हणालात?"

कंपनीतली ती मुलगी जरा चाचरली. "नाही म्हणजे... इतके लोक सारखे त्या खोलीत येताजाताहेत, म्हणून म्हटलं आपणही उघडून बघावी. आई-बाबांना घेऊन जाईन म्हणत होते." तिने आवाज खाली आणला. "सर, तिकडे दुसरी एखादी मिळेल का हो?"

चष्मेवाल्यांनी छाती पुढे काढली, टाय नसलेल्या गळ्यावरून हात फिरवला आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, "नाव सांगून ठेवा. बघतो काय करता येतं ते."