सत्त्याऐंशी डेसिबलची जीप

बीबी गावातल्या एका आळीत पेट्रोलच्या चारचाकी गाड्या अकरा होत्या. काजलने दोन रविवार दारोदार फिरून मोजल्या होत्या. त्यांतल्या सहा धूर सोडत, तीन ढकलल्याशिवाय निघत नसत, आणि एकीच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसल्यामुळे ती तूर्त तपासणीसाठी उपलब्ध नव्हती. अकरावी उकंडरावांची जीप. दोन मीटरवरून तिचा आवाज सत्त्याऐंशी डेसिबल भरला.

काजल नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि अकराही गाड्या विजेवर आणायच्याच, असं तिने ठरवलं होतं. सुरुवात घरापासून. उकंडराव तिचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. जीप किलोमीटरला किती धूर ओकते आणि घरावरच्या सोलरमध्ये गाडी किती पळेल, याचे आकडे ती महिनाभर त्यांना भाकरीबरोबर वाढत होती. मोठ्या बाबांनी एकच शंका काढली.

"पण मी आलो हे लोकाईले समजंल कसं?"

"समजायची गरज काय, मोठे बाबा?"

हे वाक्य पुढे तिला फार जड गेलं.

जीप भंगारात गेली आणि पांढरी विजेची गाडी दारात आली. बाकीच्या गाडीवाल्यांनी शब्द दिला: उकंडरावांनी तीस दिवस ही गाडी ठेवली, तर आपणही बदलू. परत केली, तर काजलने हा विषय पुन्हा काढायचा नाही.

एक गोष्ट मात्र काजलने मोजली नव्हती. जीपचा आवाज ओढ्यापाशी आला की अख्खी आळी सावरून बसायची.

पहिल्या दिवशी गाडी जेवणाच्या वेळी आलेल्या पाहुण्यासारखी हळूच लिंबाखाली येऊन थांबली. तिथे चौघे पत्ते खेळत होते. उकंडरावांनी काच खाली करून पाऊण तास त्यांचं बोलणं ऐकलं. आपण मांडीखाली पत्ते लपवतो, हे गावाला अकरा वर्षांपासून माहीत असल्याचं त्यांना तिथे कळलं.

तिसऱ्या दिवशी ते न कळता घरी पोचले. आपल्या शुगरमुळे चार वर्षं घरात गोड शिजत नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या पत्नी तानुबाई आणि शेजारच्या पुष्पाबाई परात मध्ये घेऊन शिरा खात होत्या. तिसरी वाटी काजलची होती.

नवव्या दिवशी ते शेतात गेले. सालगडी सहदेव त्यांच्याच खुर्चीत, त्यांचाच दुपट्टा खांद्यावर टाकून, निंदणाऱ्या बायांना उकंडराव करून दाखवत होता. आधी जीप यायची, मग खोकला, मग "काऊन बे, कामं नाहीत का?" नक्कल इतकी तंतोतंत होती की उकंडराव शेवटपर्यंत उभे राहिले आणि दोन ठिकाणी त्यांनी मान डोलावली.

त्या संध्याकाळी तानुबाईंनी निकाल दिला.

"काजल, एक तं गाडीले आवाज आण, नाही तं गाडी वापस कर. ह्या वयात दचकून दचकून शिरा खाणं मले जमत नाही."

काजलने बॉनेटवर स्पीकर बांधायचं ठरवलं. पण जीप भंगारात वितळली होती आणि तिचा आवाज काजलने फक्त मोजला होता, साठवला नव्हता. तिने मोबाइलवरून दुसऱ्याच एका जीपचा आवाज लावला. लिंबाखाली कोणी मानसुद्धा वर केली नाही. संग्रामपूरचं कोणीतरी पाव्हणं असेल म्हणून डाव चालू राहिला. मग बंपरला बैलांच्या घुंगुरमाळा बांधल्या. तीन गोऱ्हे गाडीमागे घरापर्यंत आले.

चोवीस दिवस संपले तेव्हा ती सहदेवकडे गेली. तो जीपचा आवाज रोज काढता येईल का, असं तिने विचारलं.

"काढतो ना. पण मांगं नाही बसणार. इंजिन पुढंच असते."

सहदेव पुढे बसला. ओढ्यापाशी तो घरघरला, चढावर त्याने गिअर टाकला, वळणावर दोनदा फटफटला आणि मध्ये तांब्याभर पाणी प्यायला. लिंबाखालचे पत्ते खिशात गेले. तानुबाईंनी परातीवर ताट झाकलं. उकंडरावांनी सवयीने पाय दाबला, तिथे क्लच नव्हता.

तिसाव्या दिवशी सगळे गाडीवाले ओसरीवर जमले. काजल वही उघडून बसली होती. मोठ्या बाबांनी पान चघळत विचार केला.

"जीप पाणी मांगे, हाही मांगते. माह्यासाठी काही बदललं नाही. गाडी ठेवतो."

घरोघरच्या बायांनी अट घातली की प्रत्येक गाडीला तिचा जुनाच आवाज हवा. दुसऱ्या दिवसापासून सहदेव ओसरीवर आवाज काढायची शिकवणी घेऊ लागला.

त्या रात्री काजलने वहीत नोंद केली. विजेच्या गाड्या: आलेली एक, ठरलेल्या नऊ. पेट्रोलची: एक, कोंबडीची. दोन मीटरवरून सहदेव: चौऱ्याऐंशी डेसिबल. एका चार्जवर गाडी: दोनशे चौदा किलोमीटर. एका तांब्यावर सहदेव: तीन पूर्णांक सहा.