गल्लीतले अकरा गतिरोधक

"मारुतराव, आठ दिवसांत गतिरोधक नाही आणला, तर नाव बदलीन!" कुलदीपने छाती ठोकून सांगितलं.

मारुतराव म्हणजे मोशीचे जुने बागायतदार आणि आता प्रभागातले इच्छुक उमेदवार. कुलदीप चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, आणि गेल्या आठवड्यापासून मारुतरावांचा कार्यकर्ता. कार्यकर्ता होण्याचं कारण एकच, सोसायटीसमोरून सुसाट जाणारे डंपर! त्याची सहा वर्षांची लेक दिव्या रस्ता ओलांडून शाळेच्या व्हॅनमध्ये बसेपर्यंत कुलदीपचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

"आवो, एकट्याच्या अर्जानं काय व्हतंय? रेटा लागतो, रेटा!" मारुतराव म्हणाले.

कुलदीपने रेटा लावला. गल्लीत एका रांगेत अकरा सोसायट्या. प्रत्येकीतला एकेक माणूस पकडून त्याने महापालिकेच्या ॲपवर तक्रार करायला लावली. मजकूर त्याचाच, तोलूनमापून लिहिलेला: 'आमच्या गेटसमोर गतिरोधक हवा.' एकाच जागी अकरा हातोडे बसले की भिंतसुद्धा हलते, असा त्याचा हिशेब.

भिंत हलली. आठव्या दिवशी सकाळी गल्लीत अकरा गतिरोधक होते! प्रत्येक गेटसमोर एक! गल्ली कसली, आडवी टाकलेली शिडीच!

दुपारपर्यंत चौकात बारा फुटी फ्लेक्स लागला. 'कुलदीप यांच्या पाठपुराव्याला यश!' सोबत फोटो. त्या संध्याकाळी कुलदीप चौकातून उगाचच तीनदा फिरून आला.

दुसऱ्या दिवशी कंपनीची बस आलीच नाही. ड्रायव्हर चांदभाईंचा फोन आला.

"कुलदीपभाऊ, बस आता आत येणार नाही. काल सोडायला आलो, तर मागच्या सीटवरचे साहेब छताला हात लावून आले. सगळे हायवेला या."

हायवे चालत वीस मिनिटं. गल्लीतले चाळीस कामगार तंगडतोड करत निघाले, तेही नेमके त्या फ्लेक्सखालून! एकाने मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. "पाठपुरावा म्हणे! भेटू दे याला!" कुलदीपने रुमालाने तोंड झाकलं.

तो थेट वॉर्ड ऑफिसात पोचला. तिथल्या इंजिनिअर आम्रपाली मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काढता येतील. पण ज्या सोसायटीसमोरचा काढायचा, तिची लेखी संमती लागेल."

"सगळ्यांची आणतो मॅडम! सुरुवात माझ्यापासून!" असं म्हणून त्याने आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने तिथल्या तिथे सही ठोकली.

रविवारी अकरा सोसायट्यांची बैठक झाली. पहिला अर्धा तास सगळ्यांनी मिळून कुलदीपला सोललं.

"अहो, मग काढूया ना!" तो काकुळतीला आला. "या कागदावर सह्या करा."

"काढा की," जयमालाताई म्हणाल्या. "आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत, तेवढा आमचा राहू द्या. बाकीचे काढा."

"आमच्या गेटला वळण आहे भावा," गुलजार म्हणाला. "आमचा सोडून कुठलाही काढ."

दहा सोसायट्या, दहा कारणं आणि सही एकही नाही! सोमवारी सकाळी कुलदीप आपली सही मागे घ्यायला निघाला. वाटेतच फोन वाजला.

"सर, आम्रपाली बोलतेय. तुमच्या गेटसमोरचा आत्ताच काढला हं! लोक उगाच म्हणतात, आमच्याकडे कामं रखडतात!"

कुलदीपची सोसायटी बरोब्बर मधली, सहावी. पाच गचके खाऊन वैतागलेला डंपरवाला तिथे आला, की त्याला अचानक सपाट रस्ता दिसतो. मग तो असा काही ॲक्सिलरेटर दाबतो, की पूर्वीचे डंपर गरीब वाटावेत! बस अर्थातच अजून हायवेलाच थांबते.

आता रोज सकाळी सात वाजता व्हॅन आली, की कुलदीप रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहतो. दिव्या व्हॅनमध्ये बसली, की हायवेकडे पळत सुटतो.

तेवढा वेळ गल्लीत गतिरोधक अकराच असतात.