मर्व्ह पास्कोची आरशाची खिडकी

मर्व्ह पास्कोने दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीला आरशासारखी फिल्म चिकटवली, ती उन्हासाठी, असं त्याने सगळ्या गल्लीला सांगितलं. गल्लीने मान डोलावली. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टात जानेवारीच्या भर उन्हाळ्यात मेणबत्त्या कंबरेतून वाकून नमस्कार करतात आणि गार पाण्याच्या नळाखाली चहा होतो. तेव्हा कारण खोटं वाटण्यासारखं नव्हतंच.

खरं कारण म्हणजे गल्ली स्वतःच. मर्व्हची बायको नोरीन हिवाळ्यात गेली. तेव्हापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण खिडकीतून डोकवायचा. कुणी ट्यूना-पास्त्याचं भांडं उंचावून दाखवायचं, कुणी नुसतीच मान वाकडी करून हळहळायचं. आणि मर्व्हला एक गोष्ट कुणालाच दिसू द्यायची नव्हती. रोज संध्याकाळी तो दोन ताटं मांडायचा, समोर नोरीनची रिकामी खुर्ची ओढायचा आणि जेवण झालं की तिच्याशी पत्ते खेळायचा. तिचे पत्ते तोच टाकायचा. जिंकायची मात्र तीच.

फिल्म चिकटवणं सोपं नव्हतं. साबणाचं पाणी फवारून तो रबरी पट्टी ओढायचा, तर बुडबुडा सरकून दुसरीकडे फुगायचा. दुपारभर त्याने बुडबुड्यांना शिव्या घातल्या. शेवटी बाहेर जाऊन काचेला नाक लावलं. आत काही म्हणजे काही दिसेना. दिसला तो एक घामाघूम म्हातारा.

"आता बघा म्हणावं!" मर्व्ह त्या म्हाताऱ्याला म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून मौज सुरू झाली. पोस्टवाली खिडकीसमोर थांबून दातात अडकलेलं काही काढायची. पाद्री खिडकीकडे बघून चेहऱ्यावर दयाळूपणा आणायची तालीम करायचा. पीवी नावाचा काळा-पांढरा पक्षी स्वतःच्याच प्रतिबिंबाला शत्रू समजून सकाळपासून काचेवर चोची मारायचा.

"निदान तू तरी मला भेटायला येतोस रे," मर्व्ह आतून म्हणायचा.

कारण बाकी कुणी येईनासं झालं होतं. समोरची डल्सी हॅनाफोर्ड वर्षानुवर्षं झाडांना पाणी घालताना त्याला हात करायची. आता मर्व्ह खुर्चीतून हात हलवायचा आणि डल्सी त्याच्याकडे बघून नुसती टोपी सरळ करायची. "एवढा राग?" तो पुटपुटायचा. तिकडे डल्सी शेजारणीला सांगायची, "त्याला आपलं तोंड बघायचं नाही, बाई. काचच बंद केलीन."

हवा होता तो एकांत मर्व्हला मिळाला होता, आणि तो खायला उठत होता. अंधार पडला की काचेत बाहेरचं काही दिसायचं नाही. दिसायचा तोच म्हातारा आणि त्याच्यासमोरची रिकामी खुर्ची. मग कुणी बघत नाही म्हणून तो धीट झाला. आधी बनियनवर जेवायला लागला, मग चड्डीवर. एकदा नोरीनचा एप्रन बांधून, तिच्या आवडीच्या वॉल्ट्झवर खुर्चीला घेऊन दोन गिरक्याही मारल्या.

महिनाभराने एका सकाळी दारावर थाप पडली. डल्सी उभी होती, हातात लॅमिंग्टन केकची बशी.

"काल हुकमाची राणी का टाकलीस रे? नोरीनने ती मेल्याशिवाय सोडली नसती." मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे... कळलं ना तुला."

मर्व्हचा चेहरा पडला. "तुला काय माहीत मी काय टाकलं ते?"

"मर्व्ह, जिकडे उजेड जास्त, तिकडे आरसा. दिवसा आम्ही आम्हालाच बघतो. तू दिवा लावलास की तू तुला बघतोस, आणि आम्ही..."

"आम्ही म्हणजे कोण?"

"गार वाऱ्याला सगळे माझ्याच ओट्यावर खुर्च्या टाकून असतात. पाद्रीसुद्धा."

"एप्रन?"

"वॉल्ट्झ छान झाला," डल्सी म्हणाली. "डावा पाय जरा जड पडतो."

मर्व्ह मटकन बसला. "अगं, एकानेही सांगू नये?"

"सांगितलं असतं तर पडदा ओढला असतास. मग तू जेवलास की नाही, हे आम्हाला कसं कळलं असतं?"

ती गेली. दिवसभर पीवी चोची मारत राहिला आणि मर्व्ह कपाटातले जाड पडदे काढून मांडीवर घेऊन बसला.

संध्याकाळी तो पडदे घेऊन खिडकीशी उभा राहिला. मग ते नोरीनच्या खुर्चीच्या पाठीवर टाकले, पँट चढवली, दिवा लावला आणि दोन ताटं मांडली. जेवण झाल्यावर पत्ते वाटले. काचेत नेहमीचाच म्हातारा होता. त्याच्यापलीकडे नुसता काळोख.

मर्व्हने आपल्या हातातली हुकमाची राणी उपसली, जरा घुटमळला आणि ती काचेकडे उंच धरली.

काळोखातून एका सुरात आवाज आला, "नको!"

त्याने राणी परत हातात खोचली आणि दुसरं पान टाकलं. तरीही डाव नोरीननेच जिंकला.