टाकीत गंगा

सुनीतीने पाटी सरळ करून मागे पाहिलं, तेव्हा तिचे वडील, वेणीमाधवशास्त्री, स्टुलावर चढून शुद्ध पाण्याच्या टाकीत तांब्या रिकामा करत होते.

"बाबा, काय ओतलंत?"

"गंगा. पाण्याचं काम तिच्याशिवाय कसं सुरू करायचं?"

सुनीतीने बँकेची नोकरी सोडून गंगेकाठी मुन्शी घाटामागच्या मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, वस्तीत हे केंद्र काढलं होतं. दोन रुपयांत वीस लिटर शुद्ध पाणी. पोरांची पोटं सारखी बिघडायची, तरी महिनाभर घरोघरी फिरूनही कोणी हो म्हटलं नव्हतं. आणि आज, उद्‌घाटनालाच, पाचशे लिटर बाद.

टाकी रिकामी करायला तिने खालचा नळ धरला, तोच समोरच्या दारातून नावाड्याच्या घरची गीता ओरडली, "दीदी, गंगाजी को नाली में बहाओगी?"

पाच मिनिटांत अर्धी वस्ती जमली. पाणी विकता येईना, ओतता येईना. सुनीती नळाला हात लावून तशीच उभी राहिली.

"इतकी परेशान का होतेस?" शास्त्रीबुवा म्हणाले. "तुझं मशीन पाणी साफ करतं ना? मग परत घाल त्याच्यात."

हे आपल्याला का सुचलं नाही, याचाच सुनीतीला राग आला. तिने पंप लावून सगळं पाणी वरच्या न गाळलेल्या पाण्याच्या टाकीत चढवलं, खालची टाकी औषध टाकून घासली आणि मशीन सुरू केलं. तासाभराने गाळणी उघडली. सकाळी नळाचं पाणी गाळायला पांढरीशुभ्र बसवलेली ती आता चहाच्या रंगाची झाली होती.

"यह गंगाजी का है?" गीताने दबकत विचारलं.

"गंगाजी तो एक लोटा थीं," सुनीती म्हणाली. "बाकी सब तुम्हारे नल का है."

गीताने ती गाळणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग ती घरात गेली आणि रिकामा कॅन घेऊन आली. तिच्यामागे तिची जाऊ, जावेमागे सगळी गल्ली. पुढे सुनीतीला काही सांगायची गरजच उरली नाही. गाळणी हातोहात फिरत होती आणि बायकाच एकमेकींना समजावत होत्या.

दुपारी बारापर्यंत टाकी कोरडी पडली. कॅन भरून देता देता सुनीतीच्या घशाला कोरड पडली होती, आणि नळातून थेंब येईना. गीताने आपल्या कॅनमधून ग्लास भरून तिच्यापुढे धरला.

"पी लो दीदी, डरो मत," ती समजावत म्हणाली. "मशीन का है."