दाजीमामांची मॅट्रिक

आमच्या दाजीमामांना कुठलंही साल विचारा, ते परीक्षा सांगायचे. धाकट्या मावशीचं लग्न त्यांच्या दुसऱ्या मार्चातलं, आणि आमची काळी गाय गेली ती सहाव्या मार्चात. चौथी आणि सातवीची फायनल ते पहिल्या फटक्यात पास झाले होते. अकरावीच्या मॅट्रिकला मात्र दर मार्चात गणितात दांडी उडायची. "गणित माझ्या पत्रिकेतच नाय," म्हणायचे, आणि पुन्हा फॉर्म भरायचे.

परीक्षेचं केंद्र मालवणात. आमच्या गावच्या मुलामुलींचं आठ दिवस बिऱ्हाड मामांच्या आतेकडे पडायचं. मामा पहाटे उठून सगळ्यांना पेज करून वाढत, प्रत्येकाची दौत भरून देत, आणि मग धावतपळत स्वतःचा पेपर गाठत. लोक चिडवत, "दाजी, परीक्षेक बसतंस की रांधूक?"

माझ्या वेळी बाबा अडून बसले. पोरगी एकटी परगावी कशी धाडायची? मामा म्हणाले, "एकटी कित्याक? मी बसतंय मां परीक्षेक." मी गेले, पास झाले, पुढे शिक्षिका झाले. आणि नको तिथे शहाणपण करायला गेले.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी मामांना बीजगणित शिकवायला बसले. मी उदाहरण घालायचा अवकाश, ते उत्तर काढून मोकळे. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट मी बजावलं, "मामा, यंदा पास नाय झालंस तर मी तुझ्याशी बोलूचंय नाय."

मामा पास झाले. मी गावभर खाजं वाटलं.

पुढच्या मार्चात परीक्षेला मुलींमधून एकटी वेणू होती, वर्गात पहिली येणारी. मामा नेहमीसारखे तांदूळ बांधून तिच्या दारी गेले. तिचे वडील शांतपणे म्हणाले, "दाजी, तू आता पास झालंस. परीक्षेक बसणारो माणूस पोरीवांगडा गेलो तर ती रीत. तसोच गेलंस तर गाव काय म्हणतलो?"

वेणू परीक्षेला गेली नाही. वैशाखात तिचं लग्न झालं.

मी मामांपुढे बसून रडले. माझ्या हट्टापायी त्या पोरीचं वर्ष नव्हे, शिक्षणच गेलं होतं. मामा पडवीत सुपारी सोलत होते.

"तुझी चूक नाय गो," ते म्हणाले. "येणारी गणितां मी दर साली सोडून दिलंय. गेल्या साली पेपरात मात्र हात थांबलो नाय. एकदा तरी पास होवचा, असा माका पण वाटला."